वचन बरोबर होतं, ग्रुप चुकीचा होता

प्रिय बाळा,
प्रभूत सलाम.

तुझा परवा फोन आला तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय म्हणून लिहायला बसले. तुझी रूममेट लग्न न करता मित्रासोबत राहायला गेली, तुला पटलं नाही, तू फ्लॅटच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बायबलमधलं वचन टाकलंस, तिने ग्रुप सोडला आणि सामान न्यायला आली तेव्हा तुझ्याकडे बघितलं पण नाही. तू विचारलंस, मावशी मी खोटं काय बोलले?

खोटं काहीच नाही गं. लग्नाबद्दल तुझं जे मत आहे तेच माझं आहे, आणि आजकाल जुनाट वाटतं म्हणून ते अजिबात सोडू नकोस. पण ती काही आपल्या मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, नाही, आणि बायबलमध्ये पौल करिंथकरांना पहिल्या पत्रात, पाचव्या अध्यायात, सरळ लिहितो की बाहेरच्यांचा न्याय करणं माझं काम नाही, ते देव बघेल. पेत्राचं पण बघ, आपल्या आशेबद्दल कोणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, हे आपल्या युथ मीटिंगमध्ये सगळ्यांना पाठ असतं, पण पुढे लगेच सौम्यतेने आणि आदराने द्या असं आहे ते कोणी म्हणत नाही. आणि मुळात तिने तुला विचारलंच कुठे होतं?

माझं सांगते, हे मी फार कुणाला सांगितलेलं नाही. मी शाळेत नोकरीला होते तेव्हा स्टाफरूममध्ये मी आणि माझी एक सहकारी रोज एकत्र डबा खायचो, तिची शेंगदाण्याची चटणी, माझी भाजी. एक दिवस ती हळूच म्हणाली मी घटस्फोट घेतेय. मी चमचा खाली ठेवला आणि देवाने जोडलेलं माणसाने तोडू नये यावर चांगली दहा मिनिटं बोलले. ती ऐकत राहिली, डब्याचं झाकण लावलं, आणि दुसऱ्या दिवसापासून खिडकीजवळच्या खुर्चीवर बसायला लागली. नवरा मारायचा हे मला कितीतरी महिन्यांनी दुसऱ्याच बाईंकडून कळलं. कोर्टाच्या तारखांना ती एकटी जायची. मी विचारलंच नव्हतं ना, का घेतेस म्हणून. विचारलं असतं तर ती चटणी वाढता वाढता सगळं बोलली असती.

आपल्या टिळकांचं आठव, रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं. १८९५ ला बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई कित्येक वर्षं दूर राहिल्या, परत आल्या तेव्हाही सोवळंओवळं पाळतच होत्या. टिळक केवढे तापट! बायको ख्रिस्ती नाही म्हणून घरात रोज तोंड चालवता आलं असतं, पण बाप्तिस्मा त्यांनी तिच्यावर लादला नाही. स्वतः काय मानतात ते लपवलं पण नाही. लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला तो त्यांना स्वतःला पटल्यावर. मला हे फार मोठं वाटतं, पाच वर्षं असा धीर धरणं म्हणजे काय ते संसार केलेल्यालाच कळतं.

तर आता असं कर. तिला फोन कर, मेसेज नको. ग्रुपवर टाकलं त्याची माफी माग, फक्त त्याचीच, तुझ्या विश्वासाची माफी मागायची काही गरज नाही. तिने उद्या विचारलंच की तुला माझं चुकतंय असं वाटतं का, तर हो म्हण, एकदाच, शांतपणे, आणि मग तिच्या घराला पाणी येतं का, ऑफिस किती लांब पडतं ते विचार. घरी बोलावलं तर जा. तिच्या घरी चहा घेतलास म्हणजे तुझं मत बदललं असं होत नाही, प्रभू जकातदारांच्या पंक्तीला बसलाच होता की. ती फोन उचलणार नाही असंही होईल, तर महिनाभराने परत कर, आणि तोपर्यंत दुसऱ्या मुलींपाशी तिचा विषय काढू नकोस, प्रार्थनेचा विषय म्हणूनसुद्धा नाही.

रविवारी चर्च सुटल्यावर करशील? तिला माझ्या करंज्या आवडायच्या ना, डबा एसटीने पाठवते, अर्ध्या तिच्या.

तुझी,
मावशी