मणका मागे असताना मानेचं ऑपरेशन गळ्याच्या पुढून का करतात?

परभणीहून तुम्ही विचारलंय : आईच्या मानेतली गादी सरकून मज्जारज्जू दबलाय, हातातून वाटी सुटते, आणि डॉक्टर गळ्यावर चीर घेणार म्हणतात. मणका मागे, मग पुढून कशाला? गळ्यातली मोठी शीर तुटली तर?

मी मराठवाड्यातल्या एका मेडिकल कॉलेजात शरीररचनाशास्त्र शिकवते. मी सर्जन नाही, पण हा भाग दरवर्षी मुलांना उघडून दाखवते.

मानेवर मागून हात फिरवला की जे हाड लागतं, ते मणक्याचं नुसतं शेपूट. मणक्याचा जाड भाग आणि गादी पुढे असते, अन्ननलिकेला जवळजवळ चिकटून. मज्जारज्जू मागचं शेपूट आणि पुढची गादी यांच्या मधे. गादीपर्यंत मागून जायचं तर मज्जारज्जू बाजूला ओढावा लागेल, आणि मानेत तो ओढला तर हातपाय जाऊ शकतात. म्हणून पुढून.

पुढून जाताना कातडी आणि तिच्याखालचा पातळ स्नायू कापतात. पुढे बरंचसं काम बोटानं होतं. बाहेरच्या बाजूला कॅरोटिड धमनी धडधडताना लागते. ती, मोठी नीला आणि व्हेगस नस (ही रक्ताची नव्हे, मज्जातंतू) एकाच वेष्टनात असतात. आतल्या बाजूला श्वासनलिका आणि अन्ननलिका. दोन्हींच्या मधे सैल पापुद्रा आहे, तो बोटानं सुटतो. तुम्हाला जिची भीती वाटते ती शीर अशी हलकेच बाजूला सारून ठेवतात. ही वाट स्मिथ आणि रॉबिन्सन या सर्जनांनी १९५८ साली सविस्तर मांडली, आजही तीच वापरतात.

खरं जपायचं असतं दुसऱ्या धमनीला. वर्गात मी मानेचे सातही मणके टेबलावर रचते आणि लाल लोकर सहाव्या मणक्याच्या बाजूच्या छिद्रातून, नाडा ओवावा तशी, वरपर्यंत ओवते. सातव्याला छिद्र असतं, पण धमनी सहसा त्यातून जात नाही. पहिल्या मणक्यावर लोकर मागे वळते आणि कवटीत शिरते. ही व्हर्टिब्रल धमनी, दोन्ही बाजूंना एकेक. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त हीच पुरवते. हाडात असल्यामुळे ती बाजूला सारता येत नाही, म्हणून सर्जन मध्यरेषा सोडत नाहीत. तिला इजा होणं दुर्मीळ आहे, शंभरात एकापेक्षाही कमी. पण काहींची धमनी वाकडी होऊन हाडात आत शिरलेली असते. तेव्हा डॉक्टरांना एवढं जरूर विचारा : "एमआरआयमध्ये दोन्ही बाजूंच्या व्हर्टिब्रल धमन्या बघितल्यात ना?" चांगल्या सर्जनला या प्रश्नाचा राग येत नाही.

ऑपरेशननंतर काही दिवस गिळताना दुखेल, आवाज बसेल. स्वरयंत्राची नस याच वाटेशेजारून जाते, बहुतेकांचा आवाज परत येतो. मात्र गळा फुगायला लागला किंवा श्वास अडकला, तर रात्र असली तरी लगेच सिस्टरला हाक मारा, सकाळची वाट बघू नका.

आणि तोवर आईची मान कुणाकडून चोळून, मोडून घेऊ नका. आपल्याकडे शेजारपाजारचे हमखास सुचवतात. दबलेल्या मज्जारज्जूला तो झटका सोसत नाही, आणि पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी वळलेली ती धमनी अशा झटक्यानं आतून फाटल्याची उदाहरणं आहेत.