गाडीचं विचारा : सीट मऊ हवी की घट्ट?

दादा, माझी रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० आहे, २०२२ ची. नोकरी पुण्यात आणि घर डिचोलीत, त्यामुळे महिन्यातून एक फेरी ठरलेली, चोर्ला घाटातून बेळगाव आणि मग हायवे धरून थेट पुणं. संकेश्वरपर्यंत ठीक असतं, निपाणीच्या पुढे बूड असं पेटतं की कागलला उतरून चालत जावंसं वाटतं. आफ्टरमार्केट सीट घ्यायची ठरवलीय. दुकानात एक जेलवाली बघितली, अंगठा दाबला तर आतच गेला एवढी मऊ. मित्र म्हणतो कंपनीची टूरिंग सीट घे, बायको म्हणते म्हापशाच्या कुशनवाल्याकडून आहे तीच करून घे. माझी उंची पाच फूट पाच. कुठली घेऊ? – एक वाचक, डिचोली

तुमचा तो अंगठा वाचून मला माझाच अंगठा आठवला. मीपण असाच दाबून बघितला होता, अहाहा, सोफा नुसता. ऑनलाइन मागवलेली सीट, नाव घेत नाही, फोटोत झकास होती. ती लावून धारवाडला निघालो. फोंड्यापर्यंत मी स्वतःवर जाम खूष, अनमोड घाट चढून रामनगरला चहाला थांबलो तेव्हा जरा शंका यायला लागली, आणि अळणावर येईपर्यंत सीटखालचा पत्रा मला हाडाने मोजता येत होता. परत येताना जर्किनची घडी करून खाली घेतली होती, आता बोला.

होतं काय, आपण बसतो ते मांसावर नाही, खाली दोन हाडं असतात त्यांच्यावर. लाकडी स्टुलावर बसून हाताचे तळवे खाली सरकवा, दोन गोट्यांसारखी लागतील. जवळजवळ सगळं वजन त्या दोन जागी येतं. फोम मऊ असला की ती हाडं हळूहळू आत बुडत जातात, दहा मिनिटांत नाही कळत पण तास-दीड तासाने फोम पुरता चेपतो आणि हाड थेट बेसवर टेकतं. मग तिथलं रक्त अडतं, आधी मुंग्या, मग आग. म्हणजे तुमच्या निपाणीला जे होतंय ते बहुतेक हेच. मऊ सीट दुकानात सुख देते आणि घट्ट सीट रस्त्यावर, आणि विकणाऱ्याला तुम्ही दुकानातच भेटता ना.

आपल्या गोव्यातले मोटारसायकल पायलट बघा, पिवळ्या मडगार्डवाले, मागे प्रवासी बसवून भाड्याने नेणारे. दिवसभर गाडीवर असतात बिचारे. स्टँडवर त्यांच्या सीटवर हात ठेवून बघितला तर गुबगुबीत सीट फारशी सापडत नाही, उलट बऱ्याच जणांनी सपाट, रुंद आणि कडक करून घेतलेली असते. मी एकाला विचारलं तर तो म्हणाला, पात्रांव, मऊ सीट पाहुण्याला, आपल्याला नको.

आता पैसे खर्च करायच्या आधी एक फुकटचं काम करा. खोक्याचा जाड पुठ्ठा, म्हणजे कोरुगेटेड, कडक स्टुलावर ठेवा आणि त्यावर जरा पुढे झुकून, पाय थोडे उचलून मिनिटभर बसा. उठल्यावर दोन खळगे दिसतील. त्यांच्यामधलं अंतर मोजा, आणि हाच पुठ्ठा तुमच्या सीटवर तुम्ही जिथे बसता तिथे ठेवून बघा. खळगे सीटच्या सपाट भागावर आले तर ठीक, उतारावर किंवा कडेवर आले तर दोष फोमचा नाही, आकाराचा आहे, आणि मग कितीही भारी जेल घातलं तरी हाडं बाहेर ओघळणारच.

आणि नेमकं कुठे दुखतं तेही लिहून ठेवा, खरंच लिहा, कारण घरी आल्यावर आपण सगळ्याला 'बूड दुखतं' एवढंच म्हणतो. दोन ठिकाणी ठणका असेल तर फोम बसलाय. मांड्यांच्या आतल्या बाजूला कापल्यासारखं होत असेल तर सीटची पुढची कड धारदार आहे. माकडहाडात कळ येत असेल तर तुम्ही पोक काढून बसताय किंवा सीटला मध्ये खड्डा पडलाय. सारखं टाकीकडे घसरून मागे सरकावं लागत असेल तर सीटला पुढे उतार आहे, ही तक्रार फार जणांची असते आणि फार कमी जणांना कळते. नुसती जळजळ आणि पुरळ असेल तर तो घाम आणि जीन्सची जाड शिवण, त्याला सीट काय करणार? सायकलवाले घालतात ती पॅडची शॉर्ट आत घाला, शिवण नसलेली, अर्धा प्रश्न तिथेच मिटतो.

मागच्या शॉकअपचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवलीय, तोही बघून घ्या. तुमच्या गाडीला सहा स्टेप असतात. एकटे फिरत असाल आणि शोरूममधून आल्यापासून तिला हात लावलेला नसेल तर एकेक स्टेप बदलून चोर्ल्याच्या त्याच वळणांवर चालवून बघा, टायरची हवाही पुस्तकात दिलीय तेवढीच ठेवा. कधी कधी माणूस सीट बदलतो आणि धक्का मारत असतो शॉकअप.

एवढं करूनही दुखलं तर मग सीट. तुमच्या तिन्ही पर्यायांपैकी जेलवाली मी आधी काढून टाकतो. जेल वाईट नाही, पण ते उन्हात तापतं आणि तापलं की लवकर निवत नाही. रायबंदरच्या धक्क्यावर चोडणच्या फेरीबोटीसाठी मे महिन्यात गाडी उन्हात लावून उभं राहा वीस मिनिटं आणि मग बसा, तव्यावरची भाकरी काय भोगते ते समजेल. मेमरी फोमचंही थोडं तसंच. १९६६ साली नासाच्या कामातून तो निघाला वगैरे जाहिरातीत सांगतात ते खरं आहे, पण तो उष्णतेने मऊ होतो हा त्याचा स्वभावच आहे, आणि आपल्याकडे उष्णतेला काय तोटा. वर अर्धा इंचाचा थर म्हणून ठीक, सगळी सीट त्याची नको.

कंपनीची टूरिंग सीट आणि कुशनवाला यात मात्र मी वहिनींच्या बाजूने आहे, पण एका अटीवर, कुशनवाल्याला 'जरा मऊ करा' एवढंच सांगून चहाला जायचं नाही. कंपनीच्या सीटचा फायदा असा की बेस बरोबर बसतो, लॉक लागतं, खालच्या रबरी बुशा फ्रेमवर नीट टेकतात. माझ्या त्या ऑनलाइन सीटच्या बुशा फ्रेमला टेकतच नव्हत्या, सगळं वजन मडगार्डवर आणि वायरिंगवर, एक वायर सोलून निघाली तेव्हा कळलं. पण कंपनीची सीट सगळ्यांसाठी एकाच मापाची, ती तुमच्या हाडांना जमेल का हे बसल्याशिवाय कळत नाही. कोणाच्या तरी गाडीवर बसून बघा, दोन मिनिटं नाही, मागून घेऊन तासभर चालवा. नोव्हेंबरात वागातोरला मोटोव्हर्स असतं, रॉयल एनफिल्डवाल्यांचा मेळावा, आधीचं रायडर मॅनिया, तिथे सगळ्या प्रकारच्या सीटा एका मैदानात सापडतात आणि बुलेटवाल्याला सीटबद्दल विचारलं की तो स्वतःच उतरून तुम्हाला बसवतो.

कुशनवाल्याकडे जाल तेव्हा पुठ्ठा बरोबर न्या, हसेल तो, हसू दे. माझ्याने तर पुठ्ठा उलटा धरून बघितला होता. कव्हरच्या स्टेपल पिना उपटून झाल्या की जुना फोम फेकायला सांगू नका, कंपनीचा साच्यातला फोम बाजारातल्या शीटपेक्षा बहुधा चांगला असतो. हाडांच्या जागी तेवढाच हॅक्सॉच्या पात्याने कापून काढायचा आणि तिथे जास्त घट्ट फोम बसवायचा, ४० डेन्सिटीच्या (म्हणजे घनमीटरला ४० किलो) खाली जाऊ नका, आणि नुसत्या डेन्सिटीच्या आकड्यावरही जाऊ नका, हाताने दाबून, गुडघा टेकवून बघा. सोल्युशन लावलेला जोड हाडाखाली येऊ द्यायचा नाही, ते वाळलं की कडक कडा होते आणि मग दगडावर बसल्यासारखं. पुढचा उतार असेल तर पुढे थोडी भर घालून सीट सपाट करून घ्या. कडा ग्राइंडरला पॉलिश पेपर लावून गोल करतात, तेव्हा फोमचा भुगा असा उडतो की आमचा कुशनवाला डिसेंबरातल्या काश्मीरसारखा दिसत होता. आणि महत्त्वाचं, कव्हर चढवायच्या आधी सीट गाडीवर ठेवून बसून बघा, नुसत्या फोमवर, जमलं तर गल्लीतून चक्कर मारा. एकदा पिना मारल्या की परत उघडायला तो कटकट करतो. मी बाराशे रुपये दिले होते, कव्हरसकट.

उंची पाच-पाच म्हणता तर भर घालताना सांभाळून. क्लासिकची सीट ८०५ मिलिमीटर, गाडी १९५ किलो, एक इंच वाढला की पाऊल टेकायचं ते बोटं टेकतात, आणि फेरीबोटीच्या ओल्या उतारावर बोटांवर १९५ किलो धरायचे म्हणजे देव आठवतो. म्हणून उंची वाढवण्यापेक्षा मागे रुंद करा आणि पुढे, मांड्यांपाशी, अरुंद करा, तेवढ्याने पाय सरळ खाली जातो. आणि बदल केल्यावर लगेच पुण्याला निघू नका. नवा घट्ट फोम पहिले काही दिवस परकाच वाटतो, आधी बेळगावला जाऊन या.

आमच्या ह्यांनी लांबच्या प्रवासासाठी सीट बदलली, स्वतःसाठी खोलगट मस्त जागा केली आणि मागे माझ्यासाठी चार बोटं अरुंद, वर चढवलेली पट्टी. फोंड्याहून कोल्हापूरला अंबाबाईला गेलो तर मी सगळी वाट त्यांच्या पाठीवर घसरत होते. ते म्हणतात सवय होईल. – एक वाचक, फोंडा

ताई, सवय नाही होणार. मागच्या सीटला पुढे उतार असला की प्रत्येक ब्रेकला मागचा माणूस पुढे येणारच, त्यात तुमची चूक काही नाही. मागची सीट सपाट किंवा मागे किंचित झुकलेली हवी आणि पुढच्यापेक्षा थोडीच उंच, म्हणजे समोरचं दिसतं आणि डोक्यावर वारा बसत नाही. तुमचा पुठ्ठा वेगळा काढा, ह्यांचा वेगळा, बायकांच्या हाडांमधलं अंतर बहुधा जास्त असतं, त्यामुळे मागची सीट अरुंद करणं म्हणजे उलटाच कारभार झाला. पाठीला टेकू लावता आला तर बघा. आणि नवीन सीट बसवताना बाजूचा धरायचा हँडल काढून टाकला असेल तर तो आधी परत लावायला सांगा, मोटार वाहन नियमावलीतल्या १२३ व्या नियमाने मागच्या माणसासाठी हाताला धरायला आणि पाय ठेवायला सोय असलीच पाहिजे. बाकी पुढच्या वेळी अर्ध्या वाटेत जागा बदला म्हणावं. गाडी तुम्ही चालवा, नाहीतर निदान दोन मिनिटं उभ्या गाडीवर त्यांना मागे बसवा.

हवेची उशी घेतली तर? अमेरिकेतले रायडर वापरतात म्हणे. – एक वाचक, मडगाव

वापरतात, आणि चांगली असते, व्हीलचेअरवर दिवसभर बसणाऱ्यांच्या उशांवरून आलेली कल्पना आहे ती. चूक एकच होते, सगळे ती फुग्यासारखी टम्म भरतात आणि मग वळणावर खुर्चीवर खुर्ची ठेवून बसल्यासारखं हलतं. भरा, वर बसा, आणि बसूनच हवा सोडत जा, हाडं बेसला टेकणार नाहीत एवढीच ठेवा, अर्ध्या इंचाचा आधार पुरे. महाग वाटली तर आपल्या टॅक्सीवाल्यांची लाकडी मण्यांची सीट आहेच, हसू नका, २४ तासांत १००० मैल, म्हणजे १६०० किलोमीटर, काढणाऱ्या आयर्न बट मंडळींमध्येही मणी चालतात. खालून हवा खेळते, घाम सुकतो. फक्त दोरी घट्ट बांधा आणि मधेमधे तपासा, दोरी तुटली तर मणी गोळा करत बसाल.

दादा, नवीन सीट केली दोन महिन्यांपूर्वी, दिसायला एक नंबर. पण पाऊस सुरू झाल्यापासून बसलं की पँट ओली. वरून कोरडी दिसते. कॉलेजला असा जातो, पोरं हसतात. – एक वाचक, काणकोण

अरे, शिवणीतून पाणी आत जातंय. वरचं रेक्झिन वॉटरप्रूफ असतं पण सुईने पाडलेली भोकं नसतात, आणि डिझाइनच्या नादात तू बसायच्या जागेवरच आडव्यातिडव्या शिवणी मारून घेतल्या असशील. फोम स्पंजासारखा पाणी धरतो, तू बसलास की पिळला जातो. कव्हर काढ, फोम सावलीत पंख्याखाली दोन-तीन दिवस नीट वाळव, आतून वास येत असेल तर अजून एक दिवस. मग फोमवर जाड प्लास्टिक ताणून घाल आणि त्याच्यावर कव्हर, आणि शिवणींना आतून सीलंटची पट्टी. बेसला खाली पाणी जायला भोक आहे का बघ, नसेल तर एक पाड, वायरिंगच्या वर नको. आणि तोपर्यंत दुधाची पिशवी कापून डिकीत ठेव, सीटवर टाकून बसत जा, पोरं हसू देत, सप्टेंबरपर्यंत तेच मागायला येतील.