समाजवाद आणि कम्युनिझम एकच का?

नाही, एकच नाही. समाजवादाचा मूळ मुद्दा असा की कारखाने, जमीन, खाणी, बँका अशी ज्यातून संपत्ती तयार होते ती साधनं मोजक्या मालकांच्या हातात न राहता समाजाच्या ताब्यात असावीत, आणि उत्पादन नफ्यासाठी नाही तर गरजेसाठी व्हावं. तुमचं घर, सायकल, भांडीकुंडीही काढून घेतात हा गैरसमज फार पसरलाय, पण तसं त्यात नाही.

भांडण आहे ते हे आणायचं कसं यावर, आणि कम्युनिझम हा त्यातला एकच रस्ता. रॉबर्ट ओवेन या गिरणीमालकाने स्कॉटलंडमधल्या न्यू लॅनार्कच्या सूतगिरणीत कामाचे तास कमी केले, मुलांसाठी शाळा काढली, त्याला वाटायचं चांगलं उदाहरण दाखवलं की लोक आपोआप वळतील. मार्क्स म्हणाला असं होत नसतं, वर्गसंघर्ष, म्हणजे मालक आणि कामगार यांच्यातला लढा, अटळ आहे. १९१७ मधे रशियात लेनिनने क्रांती केली, तोच कम्युनिझमचा रस्ता, पण पुढे एकाच पक्षाची सत्ता आली आणि कामगाराला तोंड उघडायचीच सोय राहिली नाही, माझ्या मते मूळ विचार तिथेच हरवला. ब्रिटनचे फेबियन, म्हणजे हळूहळू सुधारणा करत जाणारे समाजवादी, म्हणायचे निवडणुका जिंका, कायदे करा, आणि तिथल्या लेबर (मजूर) पक्षाच्या सरकारने १९४८ ला सगळ्यांसाठी सरकारी आरोग्यसेवा खरंच उभी केली. अराजकवाद्यांना तर सरकारच नको.

आपल्याकडे १९३४ मधे काँग्रेस समाजवादी पक्ष निघाला, त्यात जयप्रकाश नारायण, राममनोहर लोहिया, आपले एसेम जोशी, नानासाहेब गोरे. मला लोहिया जास्त पटतात, कारण ते म्हणायचे इथे नुसता वर्ग बघून भागत नाही, जातही बघावीच लागते.