दोन छोट्या इंजिनिअरिंग कंपन्यांपैकी सायबर रिस्क कोणाची जास्त, हे कसं ठरवायचं?

तुम्ही विचारलंय की भोसरी एमआयडीसीतले दोन व्हेंडर आहेत, दोघांकडे पन्नासच्या आसपास माणसं, एक मशीनिंगचं जॉबवर्क करतो, दुसरा तुमच्या लाइनसाठी एसपीएम, म्हणजे एकाच ठरावीक कामाची खास मशीन, बनवतो, आणि साहेबांनी दोघांना सायबर रिस्कचे मार्क देऊन एक्सेल बनवायला सांगितलंय, तर सुरुवात कुठून करायची. मी प्लांटमधले पीएलसी (मशीन चालवणारे छोटे कॉम्प्युटर), नेटवर्क आणि आता त्याच्या सिक्युरिटीचं काम करतो, अशा शॉपमध्ये सारखं जाणं होतं, त्यामुळे जे बघितलंय त्यावरून सांगतो.

सगळ्यात आधी, ती साठ-सत्तर प्रश्नांची चेकलिस्ट मेल करू नका. अँटिव्हायरस आहे का, हो. फायरवॉल आहे का, हो. पासवर्ड पॉलिसी, हो. दोघांकडून सगळं हो येणार, कारण मालकाला वाटतं नाही लिहिलं तर ऑर्डर जाईल, आणि फॉर्म भरायला बसतो तो बहुतेक अकाउंट्सचा किंवा क्वालिटीचा माणूस, ज्याला यातलं कधी कोणी दाखवलेलंच नसतं. मग एकाला ८२ आणि दुसऱ्याला ८५ मार्क पडतील आणि त्या तीन मार्कांवर साहेब निर्णय घेतील, जे मला खरंच धोक्याचं वाटतं.

उलट्या बाजूने या. त्यांच्याकडे काय काय बसवलंय ते नंतर, आधी हे लिहून काढा की त्यांचं बिघडलं तर तुमचं नक्की काय बिघडतं. तुमच्या केसमध्ये मला चार गोष्टी दिसतात. माल यायचा थांबेल, तुमची ड्रॉइंग बाहेर जातील, त्यांच्याकडून काहीतरी तुमच्या प्लांटमध्ये शिरेल, किंवा तुम्ही दिलेले पैसे भलत्याच खात्यात जातील. या चारही ठिकाणी तुमचे दोन व्हेंडर अगदी वेगळे निघतील, आणि त्यांची एकच बेरीज केली की नेमका हा फरकच पुसला जातो.

जॉबवर्कवाल्याचं बघू. पाच-सहा व्हीएमसी, दोन-तीन टर्निंग सेंटर, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणारी कटिंग मशीन, कंट्रोलर जुने, प्रोग्रॅम पेनड्राइव्हने नाहीतर सीएफ मेमरी कार्डने जातो, फार तर पीसीवरून प्रोग्रॅम पाठवायची (डीएनसी) एक सिरियल केबल. मशीन नेटवर्कवरच नाहीत, त्यामुळे लोक म्हणतात याला कसली आलीय सायबर रिस्क. पण ऑफिसमध्ये जाऊन बघा, टॅलीचा डेटा एका साध्या डेस्कटॉपवर शेअर केलेल्या फोल्डरमध्ये, त्याच पीसीवर तुमची ड्रॉइंग, त्याच पीसीवर मेल, आणि बॅकअपची हार्ड डिस्क कायम त्यालाच लावलेली. रॅन्समवेअर, म्हणजे फाइल लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस, आलं की डिस्कसकट सगळं लॉक. मी बघितलेल्या अशा एका ठिकाणी मशीन चालूच होती, कारण प्रोग्रॅम कंट्रोलरच्या मेमरीत होते, पार्ट बनून रॅकवर येत होते आणि गेटमधून एकही गाडी बाहेर पडत नव्हती. पाच कोटींच्या वर उलाढाल असेल तर १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस लागतं, सोबत ई-वे बिल, आता हे पोर्टलवर हाताने करता येतं हो, पण कुठल्या पीओवर (खरेदी ऑर्डरवर) किती बाकी आहे, रेट काय, आयटम कोड काय हे सगळं टॅलीत अडकलेलं. म्हणून जॉबवर्कवाल्याला मशीनबद्दल कमी आणि डिस्पॅचबद्दल जास्त विचारा. टॅली आणि मेल दोन्ही बंद पडले तर उद्या सकाळची गाडी कशी काढणार, असं सरळ विचारा. ज्याने विचार केलाय तो लगेच सांगतो, ओपन पीओची प्रिंट रोज काढतो वगैरे. ज्याने नाही केला तो म्हणतो असं होत नाही आमच्याकडे.

अजून एक, ड्रॉइंग आणि मशीनचे प्रोग्रॅम बनवायच्या कॅड-कॅम सॉफ्टवेअरचं लायसन्स. कोणाला दुखवायचा हेतू नाही, सॉफ्टवेअर महाग आहे हे मलाही माहितीये, पण लायसन्सशिवाय चालवायला क्रॅक टाकताना अँटिव्हायरस बंद करायला लागतो आणि बरेचदा तो पुन्हा चालू होत नाही. ड्रॉइंग ज्या पीसीवर उघडतात तोच पीसी असा उघडा असेल तर ड्रॉइंग बाहेर जाण्याचा धोका खरा आहे. २०२० मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या व्हिसर प्रिसिजन या पार्ट बनवणाऱ्या कंपनीवर हल्ला झाला तेव्हा टेस्ला आणि स्पेसएक्सबरोबरच्या करारांची कागदपत्रं चोरांनी नेटवर टाकली होती. नाव छापून आलं ते गिऱ्हाइकांचं.

आता एसपीएमवाला. हा चेकलिस्टमध्ये जास्त मार्क घेणार, लिहून ठेवा. इंजिनिअर लोक असतात, फायरवॉल असतो, सर्व्हर असतो, कदाचित आयएसओ २७००१ (माहितीच्या सुरक्षेचं सर्टिफिकेट) पण असेल. पण याचा सर्व्हिस इंजिनिअर एकच लॅपटॉप घेऊन सोमवारी चाकणला एका गिऱ्हाइकाकडे, बुधवारी रांजणगावला दुसऱ्याकडे आणि शुक्रवारी तुमच्याकडे येतो. त्या लॅपटॉपवर सगळ्या गिऱ्हाइकांचे पीएलसी बॅकअप, सगळ्यांच्या एचएमआयचे (मशीनवरच्या स्क्रीनचे) पासवर्ड, जुन्या प्रोग्रॅमिंग सॉफ्टवेअरसाठी एखादं व्हर्च्युअल मशीन (लॅपटॉपच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर) विंडोज एक्सपीचं, ज्याला एप्रिल २०१४ नंतर सपोर्टच नाही. तो येतो, केबल लावतो, आणि तुमचा गेटवरचा फायरवॉल तिथे काहीच करू शकत नाही कारण तो आतूनच जोडलेला असतो. शिवाय मशीनच्या पॅनेलमध्ये फोरजी राउटर, मशीन बसवून चालू करताना लावलेला, "सर रात्री-अपरात्री प्रॉब्लेम आला तर इथूनच बघून देऊ" म्हणून, आणि मशीन हँडओव्हर होऊन वर्षं झाली तरी तो तिथेच ब्लिंक करतोय, सिम कोणाच्या नावावर आहे हे तुमच्या मेंटेनन्सलाही ठाऊक नाही.

हे मी उगाच घाबरवायला सांगत नाहीये. ऑगस्ट २०१८ मध्ये तैवानच्या टीएसएमसीमध्ये, म्हणजे जगातली सगळ्यात मोठी चिप बनवून देणारी कंपनी, नवीन मशीन इन्स्टॉल करताना स्कॅन न करता नेटवर्कला जोडलं आणि वॉनाक्राय या रॅन्समवेअरचा एक प्रकार फॅबमध्ये, म्हणजे चिपच्या कारखान्यात, पसरला, मशीन बंद पडली. वॉनाक्राय ज्या भोकातून शिरतो त्याचा पॅच मार्च २०१७ पासून उपलब्ध होता. आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये पेनसिल्व्हेनियात ॲलिक्विपा नावाच्या गावच्या पाणीपुरवठ्यात युनिट्रॉनिक्सच्या पीएलसीत हॅकर घुसले, तेव्हा अमेरिकी यंत्रणांनी जो इशारा काढला त्यात कारण काय, तर पीएलसी थेट इंटरनेटवर आणि पासवर्ड कंपनीतून आलेला, ११११. तुमच्या एसपीएमवर काय पासवर्ड आहे ते आजच बघा.

म्हणजे जॉबवर्कवाल्याकडून तुमच्या प्लांटमध्ये काही शिरण्याची शक्यता जवळपास शून्य, फक्त मेलवरून आलेल्या फाइलची काळजी. एसपीएमवाल्याकडून तीच शक्यता सगळ्यात मोठी. पण त्याचा ऑफिस सर्व्हर आठवडाभर बंद राहिला तर तुमची लाइन थांबत नाही, मशीन तर तुमच्याकडे चालू आहे. जॉबवर्कवाला आठवडाभर बंद राहिला तर? इथे स्टॉक किती दिवसांचा आणि तो पार्ट दुसरीकडे होतो का, हे दोन आकडे फायरवॉलपेक्षा महत्त्वाचे आहेत. कोजिमा इंडस्ट्रीज म्हणजे टोयोटाला प्लॅस्टिकचे वगैरे पार्ट देणारी कंपनी, तिच्यावर फेब्रुवारी २०२२ च्या शेवटी रॅन्समवेअर आलं आणि १ मार्चला टोयोटाने जपानमधले १४ प्लांट, २८ लाइन बंद ठेवल्या. घुसले कुठून, तर तिच्या एका उपकंपनीच्या रिमोट कनेक्शनच्या उपकरणातून. टोयोटाच्या स्वतःच्या सिस्टिमला हात लागला नव्हता.

आता एक गोष्ट जी मला कुठल्याच चेकलिस्टमध्ये दिसत नाही आणि जिच्याबद्दल मला फार वाटतं. दोघांना विचारा की तुमचं कॉम्प्युटरचं काम कोण बघतं. एमआयडीसीत एकच हार्डवेअरवाला पंधरा-वीस कंपन्यांचं एएमसी (वर्षभराच्या देखभालीचं काम) करतो, सगळीकडे ॲनीडेस्क (दूरून पीसी चालवायचं सॉफ्टवेअर) टाकून ठेवतो, आपोआप कनेक्ट होईल असं, आणि लक्षात राहावा म्हणून सगळीकडे पासवर्ड एकच. माणूस चांगला असतो, रात्री नऊला फोन उचलतो, त्याच्याशिवाय या कंपन्या चालणार नाहीत. पण त्याचा स्वतःचा लॅपटॉप गेला की सगळ्या कंपन्या एकाच रात्री जातात. म्हणजे एखाद्या पार्टसाठी तुम्ही दोन सोर्स ठेवलेत, एक बंद पडला तर दुसरा आहे म्हणून निर्धास्त आहात, आणि दोघांचा हार्डवेअरवाला एकच असेल तर तुमचा दुसरा सोर्स कागदावरच आहे. व्हेंडरची तुलना करताना दोघांना वेगवेगळं तपासलं की हे कधीच दिसत नाही. एक्सेलमध्ये आयटी कोण बघतं असा कॉलम टाका आणि फक्त या दोघांचाच नाही, सगळ्याच व्हेंडरचा भरा.

प्रत्यक्ष गेल्यावर काय बघायचं? मी पुरावा मागतो, उत्तर नाही. तीन महिन्यांपूर्वीचं एखादं ड्रॉइंग किंवा प्रोग्रॅम सांगायचा आणि म्हणायचं, हा बॅकअपमधून आत्ता माझ्यासमोर काढून दाखवा. किती वेळ लागला ते लिहा, निघालाच नाही तर तेही लिहा. मशीनवर ऑपरेटरने सुधारलेला, चालून सिद्ध झालेला प्रोग्रॅम बॅकअपमध्ये आहे की फक्त मशीनच्या मेमरीत, हेही त्याच वेळी कळतं. नोकरी सोडून गेलेल्या शेवटच्या माणसाचा मेल आयडी चालू आहे का, हे बघायला दोन मिनिटं लागतात. ऑफिसचा वायफाय, सीसीटीव्हीचा डीव्हीआर आणि मशीन एकाच स्विचवर आहेत का, हे तर केबल बघूनच समजतं. मात्र मालकाला न विचारता काही स्कॅन करू नका, आणि विचारूनही पीएलसीच्या नेटवर्कवर पोर्ट स्कॅनर चालवू नका, जुने कंट्रोलर त्याने हँग होतात आणि मग तुमच्यामुळेच त्याचं प्रॉडक्शन थांबेल.

जुनं विंडोज दिसलं की मार्क कापायची घाई नको. मशीनचा एचएमआय विंडोज ७ वर आहे, कुठल्याही नेटवर्कला नाही, यूएसबी पोर्ट बंद आहेत, तर मला ते चालतं. तेच विंडोज ७ अकाउंट्सच्या पीसीवर असेल आणि त्यावर बँकेचं लॉगिन होत असेल तर नाही चालत. विंडोज १० चाही सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तेव्हा ऑफिसचे पीसी कोणते आणि कधी बदलणार हे विचारायला हरकत नाही.

सर्टिफिकेटबद्दल थोडक्यात. आयएसओ २७००१ असेल तर त्याचा स्कोप वाचा, अनेकदा तो फक्त डिझाइन ऑफिसपुरता असतो आणि शॉप फ्लोअर बाहेर. जॉबवर्कवाल्याकडे आयएटीएफ १६९४९ (गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्यांचं क्वालिटी सर्टिफिकेट) असेल तर तुमचं काम सोपं आहे, कारण त्यात आपत्कालीन प्लॅनमध्ये सायबर हल्ला धरावाच लागतो आणि प्लॅन वेळोवेळी तपासावाही लागतो. त्या तपासणीचं रेकॉर्ड मागा. फक्त फायर ड्रिलचे फोटो निघाले तर काय ते समजून जा.

पैशांचं मी मुद्दाम शेवटी ठेवलं कारण ते दोघांसाठी सारखंच आहे. व्हेंडरचा मेल हॅक होतो, चोर आधी शांतपणे मेल वाचत बसतो, आणि बिल ड्यू झालं की त्याच थ्रेडमध्ये मेल येतो की आमचं बँक खातं बदललंय. यावर उपाय एकच, खातं बदलायचं असेल तर जुन्या, आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करायची, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. हे तुमच्या अकाउंट्समध्ये लागू करा, व्हेंडरची वाट बघू नका. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. आणि सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे असे प्रकार कळल्यापासून सहा तासांत कळवायचे असतात, लहान कंपनी असली तरी, हे दोघांच्या मालकांना माहिती आहे का ते बघा.

मग एक्सेल कसं करायचं, तर चार ओळी, वर सांगितलेल्या चार नुकसानांच्या, आणि प्रत्येक व्हेंडरला प्रत्येक ओळीत तीन गोष्टी: किती सहज होऊ शकतं, झालं तर तुमचे किती दिवस जातात, आणि झालंय हे तुम्हाला कधी कळेल. शब्दांत लिहा, शेवटी टोटल करू नका. साहेबांनी एकच आकडा मागितला तर प्रत्येकाची सगळ्यात वाईट ओळ दाखवा, सरासरी नको. तुम्ही जेवढं लिहिलंय त्यावरून मला वाटतं जॉबवर्कवाला माल थांबण्यात वर निघेल आणि एसपीएमवाला प्लांटमध्ये शिरण्यात, आणि दुसरं जास्त महाग आहे कारण त्यात तुमची पूर्ण लाइन येते.

पण एसपीएमवाल्याची ही रिस्क निम्म्याहून जास्त तुमच्याच हातात आहे. तो फोरजी राउटर काढून टाका, रिमोट लागेल तेव्हा तुमच्या व्हीपीएनमधून (कंपनीच्या सुरक्षित जोडणीतून) आणि तुमचा माणूस समोर बसलेला असताना. त्याच्या लॅपटॉपऐवजी प्लांटमध्येच एक स्वच्छ प्रोग्रॅमिंग लॅपटॉप ठेवा, सॉफ्टवेअरचं लायसन्स तुम्ही घ्या. आणि प्रत्येक मशीनचा पीएलसी बॅकअप हँडओव्हरलाच लिहून मागून घ्या, पीओमध्ये तशी अट टाका, कारण नंतर मागितला तर मिळेलच असं नाही.