घरामागे टर्फ टाकताय? आधी काळ्या मातीचं बघा

परभणीच्या दादांनी विचारलंय, घरामागे 30 बाय 60 फुटांची मोकळी जागा आहे, पोरांना क्रिकेट-फुटबॉलसाठी टर्फ, म्हणजे कृत्रिम गवताचं मैदान, टाकून द्यायचं आहे. एक ठेकेदार म्हणतो, काळ्या मातीवर रोलर फिरवू आणि गवत अंथरू. दुसरा म्हणतो, सहा इंच काँक्रीट ओतू. कोणाचं ऐकावं?

माझं ऐकाल तर दोघांचंही नको. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हे परभणीच्या माणसाला मी काय सांगणार. गवत थेट तिच्यावर टाकलं तर पहिल्याच पावसाळ्यात उंचवटे येतात, आणि उन्हाळ्यात खालच्या भेगा वरून पायाला लागतात. काँक्रीटचं दुखणं वेगळं. स्लॅबच्या कडेची माती आधी भिजते, मधली कोरडी राहते. कडा उचलल्या की स्लॅब तडकतो. शिवाय वरचं पाणी मुरायला जागाच राहत नाही.

म्हणून काळी माती काढा. निदान दीड-दोन फूट, आणि त्याआधीच मुरूम लागला तर नशीब समजा. माती फेकू नका; माळरानाचं हलकं रान असलेला एखादा शेतकरी स्वतःचा ट्रॅक्टर लावून घेऊन जाईल. खोदताना कुंदा, हरळी आणि लव्हाळ्याच्या गाठी वेचून घ्या. कुंद्याचं मूळ राहिलं तर तो गवताच्या शिवणीतून वर येतो, मग औषध मारत बसावं लागतं. खड्ड्याच्या तळाला जिओटेक्स्टाइल कापड अंथरलं की माती आणि मुरूम एकमेकांत मिसळत नाहीत.

हा खड्डा मुरमाने भरायचा. दोन फूट खोली धरली तर 3,600 घनफूट, म्हणजे 36 ब्रास (शंभर घनफुटांचा एक ब्रास). दबाईत मुरूम बसतो, म्हणून 45 ब्रासचा हिशेब ठेवा. मुरूम कडक घ्या, चिकट मातीचा नको. हातात ओला करून वळला आणि त्याचा गोळा झाला तर ती गाडी परत पाठवा. सहा-सहा इंचांचे थर, पाणी मारून रोलर, मग पुढचा थर. सगळा मुरूम एकदम ओतून वरून रोलर फिरवणारे भेटतील, त्यांना चहा पाजून वाटेला लावा.

यात घाई करू नका. उन्हाळ्यात भराई उरका आणि मुरमाला एक पावसाळा खाऊ द्या. जिथे बसेल तिथे परत भरा, दसऱ्यानंतर खडी आणि गवत. खडीचा चार इंचांचा थर, त्यावर बारीक खडी, सगळ्यात वर कच, म्हणजे दगडाचा चुरा. कचेवर गवंड्याची लांब पट्टी फिरवून बघा. पट्टीखालून उजेड दिसला तर तिथे पाणी साचणार.

उतार दहा फुटांना सव्वा इंच, घराकडून बाहेर. तुमच्या 30 फुटांत पावणेचार इंच होतो, खेळताना जाणवत नाही. खालच्या कडेला नाली घ्या आणि ते पाणी बोअरच्या पुनर्भरणाच्या खड्ड्यात सोडा. नालीचं पाणी घराच्या पायाशी मात्र मुरू देऊ नका.

पाणी बोअरकडे जाणार असेल तर गवताच्या पात्यांमध्ये रबराचे दाणे भरू नका, नुसती सिलिका वाळू भरा. ते दाणे पावसात वाहतात. युरोपीय संघाने 2023 साली अशा दाण्यांच्या विक्रीवर बंदीचा नियम केला, अंमल 2031 पासून. वाळू धुतलेली, कोरडी आणि गोल कणांचीच हवी. गोदावरीची बांधकामाची वाळू स्वस्त पडते, पण तिच्यातला गाळ थापून बसतो आणि पाणी अडतं.

गवत 40 मिलिमीटरच्या आसपासचं घ्या. टेनिस बॉल आणि फुटबॉल दोन्ही चालतात. लेदर बॉलचा सराव करायचा असेल तर हे गवत उपयोगाचं नाही. त्याला काँक्रीटवर आखूड गवताची पट्टी लागते, आणि पूर्ण खेळपट्टी 66 फुटांची, तुमच्या जागेत बसतच नाही. बास्केटबॉलचा रिंगही विसरा, चेंडू उसळणार नाही. नमुना हातात घेऊन उलटा करा, दोन-चार पाती ओढून बघा, सुटली तर नको. मग तुकड्यावर तांब्याभर पाणी ओता. खालच्या भोकांतून झटकन गेलं पाहिजे. अंथरताना सगळ्या रोलच्या पात्यांचा कल एकाच दिशेला ठेवायला सांगा, नाहीतर उन्हात पट्टे वेगवेगळ्या रंगाचे दिसतात.

उन्हाचं कोणी विक्रेता सांगत नाही. आपल्याकडे 42-43 अंशांच्या दुपारी हे गवत 60 च्या वर तापतं. अनवाणी पोरांचे पाय पोळतात. पाणी मारून थंड करायचं म्हणाल, तर त्याचा गारवा अर्धा तासही टिकत नाही, आणि 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं त्या भागातले आपण. एप्रिल-मेमध्ये खेळ सकाळी नऊच्या आत किंवा दिवेलागणीनंतरच.

जाळी वरूनही हवी, शेजाऱ्यांची गच्ची आणि सोलर बघून ठरवा. खांबांचे खड्डे मात्र काळ्या मातीच्या खाली मुरमापर्यंत न्या, नाहीतर वर्षभरात खांब तिरके होतात. लाइट घरच्या मीटरवर चालेल, पण पुढे तासावर भाड्याने द्यायचा विचार असेल तर व्यावसायिक जोडणी घ्यावी लागेल.

कोटेशन घेताना बेस (गवताखालची खोदाई, भराई, खडी) आणि गवत वेगवेगळं लिहून मागा. बेसचा आकडा गवताच्या तोडीस तोड आला तर दचकू नका. बेस दोन ओळींत उरकला असेल तर मात्र संशय घ्या. त्याआधी जागेच्या दोन कोपऱ्यांत तीन-तीन फुटांचे खड्डे घ्या आणि मुरूम किती खोलीवर लागतो ते इथे कळवा, मग भराईचा नेमका हिशेब करून देतो.