‘रॅडिकल’ वर्तनवाद: जहाल की मूलगामी?

परळला विशेष मुलांसोबत काम करणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. पालकसभेसाठी त्या मराठीत टिपण लिहितायत, त्यात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनरचा ‘रॅडिकल बिहेव्हिअरिझम’ येतो, म्हणजे वर्तनवादाचा (वागण्याचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्राचा) एक पंथ. त्याला जहाल वर्तनवाद म्हणायचं की मूलगामी? सहकारी म्हणतात जहालच, कारण स्किनर मन मानतच नव्हता.

ताई, जहाल नको. मराठीत जहाल आला की मागोमाग मवाळ येतोच. टिळक-गोखल्यांच्या काळापासून ती जोडी फुटलेली नाही. मग वाचक मवाळ वर्तनवादी शोधू लागतो आणि ती पगडी वर्तनवादाचा पाया घालणाऱ्या वॉटसनच्या डोक्यावर ठेवून मोकळा होतो. गंमत अशी की मनातल्या गोष्टींना शास्त्राच्या दाराबाहेर थांबवलं ते वॉटसननेच. 1913 च्या लेखात त्याने अंतर्निरीक्षणाला, म्हणजे स्वतःच्याच मनात डोकावून पाहण्याला, रजा दिली. दुसऱ्याला पडताळता येत नाही ते शास्त्रात नको, ही त्यातून पुढे आलेली भूमिका म्हणजे पद्धतीय वर्तनवाद.

स्किनरला 1945 मध्ये नेमकं हेच खटकलं. दातदुखी ज्याची त्यालाच कळते, पण म्हणून ती काही वेगळ्या जगातली होत नाही. तीही शरीरातलीच घटना. त्याचा खरा प्रश्न आपल्यासारख्या शब्दवेड्यांना आवडावा असा आहे: जे आईला दिसत नाही त्याचं नाव ती पोराला शिकवते कशी? गाल सुजलेला दिसतो, पोराचा हात सारखा गालावर जातो, ते कण्हतं. त्यावरून ती म्हणते, ‘दात दुखतोय का रे?’ सुई बोचते तेव्हा ‘टोचलं’ शिकवणं सोपं, कारण सुई दोघांनाही दिसते. मग तोच शब्द पोर पोटातल्या दुखण्यालाही लावतं. ठणका, कळ, चमक, ठुसठुस ही आपली सगळी श्रीमंती अशी बाहेरच्या खुणांवरून आत गेलेली आहे. विचार आणि भावनाही वर्तनाच्याच हिशेबात धरणाऱ्या माणसाला ‘मन न मानणारा’ म्हणणं अन्यायाचं आहे. त्याने नाकारलं ते एवढंच, की आतली गोष्ट हे बाहेरच्या वागण्याचं शेवटचं कारण.

म्हणून मूलगामी. रॅडिकलच्या पोटात लॅटिन ‘रॅडिक्स’ आहे, म्हणजे मूळ. इंग्रजी रॅडिश त्यातूनच आला, जसा आपला मुळा मूळातून. अर्थाने ‘आमूलाग्र’ याहून जवळचा, मुळापासून शेंड्यापर्यंत नेलेला. पण त्या शब्दापुढे ‘बदल’ इतका चिकटलाय की दुसरं काही बसत नाही.

बाकीचे पंथ टिपणात एका ओळीत उरका. टोलमन आणि हल यांनी उद्दीपक (ज्यामुळे वागणं घडतं ते) आणि प्रतिसाद (ते वागणं) यांच्यामध्ये न दिसणारे मधले घटक घातले. टोलमनचा ‘बोधात्मक नकाशा’, म्हणजे डोक्यात तयार होणारा जागेचा नकाशा, त्यातलाच. रॅकलिन हा नंतरचा वर्तनवादी मात्र आत डोकावतच नाही. त्याच्या लेखी प्रेम म्हणजे वर्षानुवर्षांच्या वागण्याचा घाट. मला तो वाचायला आवडतो, पण पालकसभेत काढू नये.

तुमच्या कामाला मात्र मूलगामी पंथाचंच पाणी आहे. 1968 मध्ये बेअर, वुल्फ आणि रिस्ली यांनी उपयोजित वर्तन विश्लेषणाची (वागण्याची तत्त्वं रोजच्या अडचणींना लावण्याची) चौकट मांडली, ती स्किनरच्या प्रयोगांच्या पायावर. फरक टिपणातल्या साध्या वाक्यातही दिसतो. ‘कंटाळला म्हणून वही फेकली’ इथे आपण थांबतो. विश्लेषक लिहितो: गणित पुढे आलं, वही फेकली, गणित बाजूला गेलं. दर वेळी फेकल्यावर गणित टळत असेल तर फेकणं वाढणार. याला ऋण प्रबलन म्हणतात. ते शिक्षा नव्हे, शिक्षेने वागणं कमी होतं. पालक इथे हमखास घसरतात, तेव्हा कंसात ‘टळल्याने वाढणं’ लिहाच. आणि मुलगा ‘मला कंटाळा आला’ म्हणाला तर तेही नोंदवा, कशानंतर म्हणाला त्यासकट.