शेवटची घटना कोणती, यावर सगळं अडलंय

प्रश्न: मी दिल्लीत एका खासदारांच्या बंगल्यावरच्या कार्यालयात साहाय्यक होते. कार्यालयात आम्ही चौघंच. ऑगस्टपासून साहेबांचं वागणं बदललं. १८ डिसेंबरला त्यांनी अंगाशी झटण्याचा प्रयत्न केला. त्यानंतरही ९ जानेवारीपर्यंत रात्री घाणेरडे मेसेज येत राहिले. २० जानेवारीला पक्षातल्या वरिष्ठांना सांगितलं, तर ‘अधिवेशन पार पडू दे’ म्हणाले. २७ मार्चला मला कामावरून काढलं. १५ एप्रिलला लोकसभा अध्यक्षांना ईमेल केला, त्याला उत्तर नाही. आज १६ जून. २७ मार्चपासून तीन महिने धरले तर अजून अकरा दिवस आहेत ना? तक्रार लोकसभा सचिवालयाच्या समितीकडे करायची का? खासदारावर गुन्हा नोंदवायला अध्यक्षांची परवानगी लागते का? आणि माझ्या नावावर सचिवालयातून किती मानधन निघालं, हे माहिती अधिकारात मिळेल का?

(तारखा बदलल्या आहेत, त्यांच्यातलं अंतर तेवढंच ठेवलं आहे. वेळ नव्हता म्हणून उत्तर आधीच ईमेलने पाठवलं.)

उत्तर: खासदाराच्या जागी संस्थाचालक, नगराध्यक्ष किंवा कारखान्याचा चेअरमन घातला, तर हेच पत्र वारंवार येतं, आणि प्रत्येक पत्रात हीच चूक असते. म्हणून बाकीचं नंतर, आधी तारीख.

तुम्ही २७ मार्चपासून मोजताय. तसं मोजू नका. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याचं कलम ९ म्हणतं की लेखी तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची. घटनांची मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून तीन महिने. त्या काळात तक्रार करणं शक्य नव्हतं अशी तक्रार ऐकणाऱ्या समितीची खात्री पटली, तर कारणं लेखी नोंदवून ती आणखी तीन महिने देऊ शकते. त्यापुढे नाही.

नोकरीवरून काढणं ही मालिकेतली ‘शेवटची घटना’ धरायची का? सप्टेंबर २०२५ मध्ये कोलकात्यातल्या एका विधी विद्यापीठाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच मुद्द्यावर तक्रारदार प्राध्यापिकेच्या विरोधात निकाल दिला. छळाची शेवटची घटना एप्रिलमधली, ऑगस्टमध्ये एका केंद्राच्या संचालकपदावरून दूर केलं आणि तक्रार डिसेंबरअखेर. पदावरून काढणं ही वेगळी प्रशासकीय कारवाई आहे, ती लैंगिक छळाची घटना नाही, असं ठरलं आणि तक्रार मुदतबाह्य झाली. हा मुद्दा स्थानिक समिती, उच्च न्यायालयाचा एकल न्यायाधीश, खंडपीठ आणि सर्वोच्च न्यायालय एवढे टप्पे फिरला. समितीने नव्वद दिवसांत चौकशी संपवावी असं कायदा सांगतो आणि नुसती तारीख ठरायला इतका काळ जातो, याचा राग यायलाच हवा. पण तुमची तारीख त्या रागाने पुढे सरकणार नाही.

आता तुमचा हिशेब. शेवटची घटना ९ जानेवारी धरली तर पहिले तीन महिने ९ एप्रिललाच संपले. वाढीव मुदत ९ जुलैपर्यंत आहे. पण रात्रीचे मेसेज हा छळ नव्हताच, शेवटची घटना १८ डिसेंबर, असा युक्तिवाद समोरचा वकील पुढे करणारच. तो टिकला तर सहा महिने परवा, १८ जूनला संपतात. म्हणून तक्रार उद्या, १७ जूनला दाखल झालीच पाहिजे. अकरा दिवस डोक्यातून काढून टाका.

पक्षातल्या वरिष्ठांशी बोलण्याने मुदत थांबत नाही. अध्यक्षांना पाठवलेल्या ईमेलनेही नाही. या कायद्यात अध्यक्षांना तक्रार स्वीकारण्याची भूमिकाच नाही. लोकसभेच्या आचार समितीकडे सदस्य नसलेल्या माणसाची तक्रार कुणातरी सदस्यामार्फतच जावी लागते, त्यामुळे तुमच्या ईमेलवर तिथेही काही सुरू झालं नसणार. २० जानेवारीला जी ताकद वरिष्ठांना पटवण्यात घातलीत, ती एका कागदावर घातली असती तर आज विलंबाचा प्रश्नच नव्हता. हे कडक वाटेल, पण ‘आधी आपल्या माणसांना सांगू’ या सवयीने किती चांगल्या तक्रारी बुडतात ते पाहवत नाही.

तक्रार कुठे? सचिवालयाची अंतर्गत समिती ही त्याच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी. तुमचं मानधन सचिवालय थेट तुमच्या खात्यात भरत असलं, तरी ते खासदाराच्या कार्यालयीन खर्चभत्त्यातून जातं आणि नेमणूक खासदाराची असते. कार्यालयात दहापेक्षा कमी माणसं आणि तक्रार खुद्द नियोक्त्याविरुद्ध, या दोन्ही कारणांनी तुमची जागा म्हणजे कलम ६ खालची जिल्ह्याची स्थानिक समिती. बंगला नवी दिल्ली जिल्ह्यात असेल तर तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांचं कार्यालय. सचिवालयाच्या समितीलाही एक प्रत द्या, ती अधिकारक्षेत्र मानेल की नाही हे सांगता येत नाही. ‘मी पगारी कर्मचारी नव्हतेच’ असं कुणी म्हणालं तर घाबरू नका. कायद्याच्या व्याख्येत हंगामी, कंत्राटी, बिनपगारी, शिकाऊ सगळे येतात. कामाच्या ठिकाणात राहतं घरही येतं आणि कामासाठी केलेला प्रवासही.

नियमाप्रमाणे तक्रारीच्या सहा प्रती लागतात, सोबत कागदपत्रं आणि साक्षीदारांची नावं-पत्ते. जिल्हाधिकारी कार्यालयात स्वतः देऊन पोच शिक्का घ्या, त्याच दिवशी स्पीड पोस्ट करा आणि केंद्राच्या शी-बॉक्स या ऑनलाइन तक्रार पोर्टलवरही भरा, म्हणजे तारखेचे तीन पुरावे होतील. विलंब माफ करण्याचा अर्ज वेगळ्या कागदावर, तक्रारीच्या पोटात नको. त्यात पक्षाने थांबायला सांगितलं हे कारण पहिलं लिहू नका, ते दुबळं आहे. २७ मार्चपर्यंत तुमची रोजीरोटी त्याच माणसाच्या हातात होती, हे पहिलं. त्या काळात डॉक्टरकडे गेला असाल तर तो कागद जोडा. नोकरी जाण्याचा उल्लेख मुख्य तक्रारीत करा, पण छळाला नकार दिला म्हणून नोकरी गेली अशा शब्दांत. नोकरीत नुकसान करण्याची धमकी कलम ३ मध्ये बसते. तसा एखादा मेसेज असेल तर तो सगळ्यात वर लावा, कारण कोलकात्याच्या निकालापासून तुमचं प्रकरण वेगळं काढायची ती एकच फट दिसते.

समितीसमोर वकील चालत नाही. समेट सुचवला गेला तर लक्षात ठेवा, तो फक्त तुमच्या विनंतीवरून होतो आणि पैशाच्या बदल्यात होऊ शकत नाही.

फौजदारी बाजूला थोडा श्वास आहे. विनयभंगाचं कलम, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं ७४, पाच वर्षांपर्यंत शिक्षेचं असल्याने त्याला न्यायालयाने दखल घेण्याची कालमर्यादा नाही. कलम ७५ मध्ये नको असलेली शारीरिक जवळीक तीन वर्षांपर्यंत शिक्षेची, तिला मर्यादा तीन वर्षं. नुसत्या अश्लील शेऱ्यांना शिक्षा एक वर्षापर्यंत आणि मर्यादाही एकच वर्ष. कोणतं कलम लागेल ते तुमच्या जबाबावर ठरेल, आणि तो मी वाचलेला नाही. गुन्हा नोंदवायला अध्यक्षांची परवानगी लागत नाही. अटक झाली तर त्यांना कळवावं लागतं आणि परवानगी हवी ती संसदेच्या आवारात अटक करायची असेल तर. बंगला आवारात येत नाही. अधिवेशनाच्या आगेमागे चाळीस दिवसांचं जे संरक्षण सांगतात, ते दिवाणी कारवाईतल्या अटकेपुरतं आहे. संविधानाच्या अनुच्छेद १०५ चं कवच सभागृहातल्या बोलण्याला आणि मताला आहे. मार्च २०२४ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने लाचखोरीच्या प्रकरणात ते किती आखूड आहे हे सांगितलंच आहे.

मानधनाची माहिती जरूर मागा. ती तुमची स्वतःची आहे आणि सभागृहाच्या कामकाजाशी तिचा संबंध नाही, त्यामुळे विशेषाधिकारभंगाचं कारण पुढे करून नाकारली तर अपील करा. अपिलाची मुदत तीस दिवस, तीही हातची घालवू नका. खासदाराला मिळणारा भत्ता सार्वजनिक पैसा आहे आणि त्यावर काम करणारी मुलगी तक्रारीला कुठे जाईल, हे मानधनाची नोंद करतानाच सचिवालयाने तिला लेखी कळवायला हवं असं माझं ठाम मत आहे. पण उत्तराला तीस दिवस लागतात. तक्रार त्यासाठी थांबवायची नाही. नेमणुकीचा पुरावा म्हणून आज बँकेचं विवरणपत्र आणि संसदेचा प्रवेश पास पुरेत.

मोबाइल विकू नका, रीसेट करू नका, मेसेज आपोआप पुसण्याची सोय बंद करा. मेसेज पोलिसांत आणि कोर्टात चालवायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्याचा एक भाग तुम्ही आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा. तो पुढच्या आठवड्यात झाला तरी चालेल. तक्रारीसोबत उद्या छापील स्क्रीनशॉट जोडा, प्रत्येकावर तारीख आणि वेळ दिसेल असे.